न लावलेले दोन दिवे

आमच्या ह्यांना आख्खी गल्ली मौनीबाबा म्हणते, आणि ते नाव पाडलं मीच. पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करायचं आमचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं, मिक्सरने धूर कसा सोडला, जावेनं तो कसा जाळला, कंपनीने कसं फसवलं, सगळं रामायण सांगतं, आणि हे स्क्रू काढता काढता एवढंच म्हणतात, “उद्या या.” दुकानाच्या मागच्या खोलीत माझं पडदे शिवायचं मशीन आहे. तिथूनच मी गिऱ्हाइकांशी बोलते. कुणीतरी बोलायला नको का? नाहीतर लोक म्हणायचे, दुकानात माणूस बसलाय की पुतळा.

लग्न ठरलं तेव्हाही हे दोनच वाक्यं बोलले होते. “मला काम येतं” आणि “माझं कुणी नाही.” माझी आई आधी डोळ्याला पदर लावून बसली, की कसलं हे स्थळ, ना आगा ना पीछा. मग रात्रीत तिला साक्षात्कार झाला की सासू नाही, नणंद नाही, दीर नाही, म्हणजे पोरीला जाच करायला कुणीच नाही. सकाळी उठून तिनेच होकार कळवला. माझ्या मैत्रिणी तर अजून जळतात. “तुझं काय बाई, राणीचं राज्य!” आणि मीही मिरवायचे. कशाला खोटं बोलू?

आमची लेक बँकेत नोकरीला, दुसऱ्या शहरात. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून तिने आमची एका दिवसाची सहल ठरवली. कुठे जायचं ते सांगेना. “बसमध्ये बसलात की कळेल,” म्हणाली. “आई, बाबांना एकदा तरी त्या दुकानातून बाहेर काढ.” मी ह्यांच्या शर्टाला इस्त्री केली, नवी टोपी आणली, पाव आणि उकडलेली अंडी डब्यात भरली, आणि पहाटे ह्यांना जवळजवळ ढकलतच बसमध्ये चढवलं.

बस गावाबाहेर पडली तसा गाइड उठला. तरणा, तुरतुरीत, हातात माइक. म्हणाला, आधी समुद्राकाठचं बुद्धमंदिर बघायचं, मग त्याच्याच खालच्या किनाऱ्यावर जायचं. तिथे लोक फळ्या घेऊन लाटांवर उभे राहतात, ज्याला हौस असेल त्याने करून बघायचं. मग त्याने जागेचं नाव सांगितलं.

हे ताडकन उठले. “मला उतरायचंय,” म्हणाले.

“अहो, चालत्या बसमधून? बसा खाली! लोक बघतायत.”

बसले. पण कपाळावर घामाचे थेंब, आणि पुढच्या सीटची दांडी अशी धरलेली की बोटं पांढरी पडली होती. मला वाटलं, बस लागली. लिंबाची गोळी दिली, ती तशीच मुठीत धरून बसले. समुद्राचं आणि ह्यांचं पहिल्यापासूनच वाकडं. लेक लहान असताना किती हट्ट करायची, पण ह्यांनी कधी समुद्र दाखवला नाही. दरवेळी दुकानात तातडीचं काम निघायचं. मी म्हणायची, चिक्कू माणूस, खर्च नको म्हणून कारणं सांगतो. तर आता म्हटलं, बरी जिरली, लेकीनेच आणून सोडलं.

मंदिर एका खडकावर बांधलेलं, समुद्रात घुसलेलं. हे काही बसमधून उतरेनात. मागच्या सीटवर जाऊन आडवे झाले आणि नवी टोपी तोंडावर घेतली. ड्रायव्हर म्हणाला, “असू दे मावशी, काकांना झोपू दे. बस मी खाली किनाऱ्यावर लावतो. तुम्ही मंदिर बघून पायऱ्यांनी खाली या.” मी म्हटलं, झोपा. पैसे लेकीचे, झोप तुमची. आणि रागारागाने पुढे चालायला लागले.

खरं सांगते, आत गेल्यावर राग टिकला नाही. बुद्धाची मूर्ती मोठी, पांढरी, समुद्राकडे तोंड करून बसलेली. खाऱ्या वाऱ्याने भिंतींचा रंग पोपडे धरून सुटला होता, पण फरशी अशी लख्ख की अनवाणी पायाला थंडगार लागत होती. कुणी ओरडत नव्हतं, ढकलत नव्हतं. मी हात जोडून उभी राहिले आणि लेकीसाठी मागायचं ते मागून घेतलं. मग सगळे फोटो काढायला कठड्याकडे पळाले आणि मी शेजारच्या लांबट खोलीत शिरले, कारण तिथे दिवे दिसले.

भिंतभर फळ्या ठोकलेल्या. प्रत्येक फळीवर माणसांचे फोटो आणि प्रत्येक फोटोपुढे एक पितळी वाटी, तिच्यात तेल-वात. एवढे दिवे एकत्र जळत होते की खोली भट्टीसारखी गरम झाली होती. दारापाशी पाटी होती, ती वाचली. समुद्रात गेलेल्या माणसांचे हे दिवे. कोळी, खलाशी, पोहायला गेलेली पोरं. दुसऱ्याची दुःखं बघायला माणसाला का आवडतं कोण जाणे, पण मी एकेक फोटो बघत निघाले. चुकचुकत होते, पुढे सरकत होते.

आणि एका फोटोतून माझी लेक माझ्याकडे बघत होती.

अक्षरशः ओरडणारच होते. मग कळलं की मुलगी नाही, मुलगा आहे. विशीतला, केस ओले, अंगात काही नाही. पण तोंड माझ्या लेकीचं! डावी भुवई तशीच वर चढलेली, पुढच्या दोन दातांत तशीच फट. त्या फटीसाठी आम्ही दाताच्या डॉक्टरकडे किती खेटे घातले होते, ती फट मी झोपेतही ओळखीन. माझ्या माहेरी असे दात कुणाचेच नाहीत. मी म्हटलं, जगात एकासारखी सात माणसं असतात म्हणतात, त्यातलाच हा एक असेल. असं म्हणत शेजारच्या फोटोकडे नजर गेली.

शेजारी आमचे हे होते.

डोक्यावर भरगच्च केस, बगलेत एक लांब फळी, आणि हसत होते. सगळे दात दिसतील, डोळे मिटतील असं हसत होते. हनुवटीखाली ती आडवी खूण. पंख्याचं पातं लागून झालीय, असं मला सांगितलेली खूण. डावा कान उजव्यापेक्षा जरा बाहेर आलेला. नवऱ्याचं तोंड बायकोला ओळखू येणार नाही तर कुणाला येणार? पण माझं डोकं मानायलाच तयार नव्हतं. माझा नवरा खाली बसमध्ये टोपी तोंडावर घेऊन झोपलाय, आणि इथे मेलेल्यांच्या भिंतीवर उभा राहून हसतोय. पायाखालची वाळू सरकते म्हणतात ना, ते मी आजवर नुसतं बोलत आले होते. त्या दिवशी फरशीवर उभी असून मला ते कळलं. भिंतीला धरलं नसतं तर तिथेच कोसळले असते.

“हात नको लावूस गं भिंतीला. तेल सांडेल.”

मागे एक म्हातारी उभी. बारीक, ताठ, हातात तेलाची किटली आणि खांद्यावर फडकं. एका डोळ्यावर पांढरी साय धरलेली, दुसऱ्यानेही ती जरा मान तिरकी करूनच बघत होती. आवाज मात्र खणखणीत.

“चपला बाहेर काढल्यास ना? हल्लीच्या बायका तशाच घुसतात.”

“काढल्या, आजी,” मी म्हटलं. “हे... हे दोघं कोण?”

तिने किटली खाली ठेवली. फडक्याने दोन्ही फोटो पुसले, आधी लहान्याचा, मग ह्यांचा. दुकानात बरण्या पुसाव्यात तसे सवयीने पुसले.

“माझे आहेत,” ती म्हणाली. “हा थोरला, हा धाकटा.”

माझी सासू! सासू नाही म्हणून जिच्या नसण्याचा मी गावभर डंका पिटला, ती माझी सासू माझ्यापुढे उभी राहून मला चपलांवरून बोलत होती. मला हसू येतंय की रडू तेच कळेना. एरवी मला कुणी गप्प बसवून दाखवावं! आणि इथे तोंड उघडतंय पण शब्द येत नाही.

तिला बोलायला माणूस हवंच होतं. ती आपली सांगत सुटली. खालच्या किनाऱ्यावर तिच्या पोरांचं झोपडीवजा दुकान होतं. फळ्या भाड्याने द्यायची, लोकांना लाटेवर उभं राहायला शिकवायची. “थोरला बडबड्या,” ती म्हणाली. “झोपेतसुद्धा बोलायचा मेला. गिऱ्हाइकांना नुसता बोलून बोलून पाण्यात उतरवायचा. त्याला गप्प करायला मला लाटणं उगारावं लागायचं. धाकटा त्याच्या शेपटासारखा मागे. थोरला जिथे, तिथे हा.”

बडबड्या? आमचे हे? मी त्या फोटोतल्या दातांकडे बघत राहिले.

“एका संध्याकाळी समुद्र खवळलेला असताना दोघं फळ्या घेऊन गेले. फळ्या परत आल्या, एक आख्खी, एक मोडकी. पोरं आली नाहीत. गावाने होड्या घालून शोधलं. एकही सापडला नाही.” तिने पितळी वाट्यांकडे बोट केलं. “म्हणून हे दिवे लावलेले नाहीत.”

तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. आख्ख्या भिंतीवर तेवढ्या दोनच वाट्यांत ज्योत नव्हती. तेल होतं काठोकाठ, वात नवी, पांढरीशुभ्र. पण जळत नव्हती.

“इथली रीतच आहे तशी,” म्हातारी म्हणाली. “घरच्यांनी म्हणायचं, गेला. मग दिवा लावायचा. दिवा लावला की माणूस सुटला, आपणही सुटलो. मी नाही म्हटलं कधी. रोज तेल बदलते, वात बदलते, पण काडी नाही लावली. लोक म्हणतात म्हातारीचं डोकं फिरलंय. इथले भन्तेही किती वर्षं समजावतात, की बाई, सोड आता. मी म्हणायची, तुमचं बरंय, तुम्ही आधीच सगळं सोडून बसलात.” आणि खुदकन हसली.

“मग अजूनही नाही लावणार?” मी कसंबसं विचारलं.

“आज लावणार.” ती किटली उचलायला वाकली, म्हणून तिचं तोंड मला दिसलं नाही. “उद्या भाची न्यायला येतेय. तिच्या घरी, आत, समुद्रापासून लांब. डोळे चालले माझे, इथे एकटीने होत नाही आता. मी गेल्यावर ह्या वाट्यांत तेल कोण घालणार? नुसत्या कोरड्या पडून राहतील. त्यापेक्षा आपल्या हाताने सोडलेलं बरं. दुपारच्या प्रार्थनेला लावते दोन्ही.” मग माझ्याकडे मान तिरकी करून म्हणाली, “तू का रडतेस गं? तुझं कुणी आहे का ह्या भिंतीवर?”

मी नुसती मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते आजही सांगता यायचं नाही. आणि पळाले.

कठड्याला धरून धडाधड पायऱ्या उतरले. खाली सहलीतले लोक वाळूवर पसरले होते. गाइड कुणाला तरी फळीवर पोटावर झोपवून हात कसे मारायचे ते शिकवत होता, बाया खिदळत होत्या. लाटेवर एक पोरगी उभी राहिली आणि धपकन पडली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांचाच राग आला. बसमध्ये हे नव्हते. ड्रायव्हर म्हणाला, “काका तिकडे गेले, फळ्यांच्या दुकानामागे.”

तिथे होते. भाड्याच्या फळ्या उभ्या करून ठेवल्या होत्या, त्यातल्या एकीच्या कडेवरून हात फिरवत उभे होते. अगदी वरपासून खालपर्यंत, गिऱ्हाइकाच्या पंख्याचं पातं तपासतात तसा. माझ्याकडे बघितलं आणि हात काढून घेतला. माझ्या तोंडावरूनच त्यांना सगळं कळलं.

“वर जाऊन आलीस,” म्हणाले.

पंचवीस वर्षांत मी ‘अहो’ सोडलं नव्हतं. कितीही भांडले तरी, भांडी आपटली तरी ‘अहो’च. त्या दिवशी तोंडातून निघालं, “कोण आहेस तू?”

ह्यांनी फळी परत नीट टेकवून ठेवली.

“मी कुणाबरोबर संसार केला? तुझं कुणी नाही म्हणालास! तिथे वर तुझी आई तुझ्या फोटोला फडकं मारतेय! जिवंत आई! आणि मी तुझ्या नावाने पोरीला सांगत आले की बाबा बिचारे पोरके!” माझा आवाज एवढा चढला की दुकानातला पोरगा डोकावला. मी त्यालाही दटावलं. “काय बघतोस? फळ्या मोज तुझ्या!”

“हळू,” हे म्हणाले.

“नाही बोलणार हळू! मूग गिळून बसायचं काम तुझं. मला सगळं सांग. आत्ताच्या आत्ता.”

तिथेच वाळूवर बसले. आणि बोलले. एवढं सलग ह्यांना बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं. त्या संध्याकाळी धाकटा परत फिरत होता. ह्यांनीच त्याला हाक मारली, चल, अजून एक लाट. शेवटची. मग पाण्याने ओढलं. दोघांच्या फळ्या सुटल्या. धाकट्याने ह्यांचा हात धरला होता.

“धरला होता,” हे म्हणाले. “घट्ट धरला होता. मग एक लाट आली, दुसरी आली, आणि मला वाटलं दोघंही जाणार. मी हात सोडवून घेतला. सुटला नाही गं. मी सोडवला. माझ्या डोळ्यांदेखत गेला तो.”

मी मटकन त्यांच्याशेजारी बसले. राग कुठे गेला कोण जाणे.

मासेमारीच्या एका लांबच्या होडीने ह्यांना उचललं, दुसऱ्याच बंदरात उतरवलं. तिथून घरी यायला निघाले. अर्ध्या वाटेवर येऊन, एका गावात, बसच्या थांब्यावर बसून राहिले. एक बस गेली, दुसरी गेली. मग उलट्या दिशेची आली तिच्यात चढले. “तेव्हापासून तोंड उघडायची भीती वाटते,” म्हणाले. “वाटतं, बोलायला लागलो की तेच बाहेर येईल.”

मी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. नवराच तो माझा. कितीही चिडले तरी माझाच. मग मला वरचं आठवलं आणि मी हात काढून घेतला.

“ती आज दिवे लावतेय,” मी म्हटलं. “दोन्ही. तुझासुद्धा. दुपारच्या प्रार्थनेला.”

ह्यांनी डोळे मिटले. “लावू दे.”

“काय?”

“लावू दे तिला. सुटेल ती.”

“सुटेल?” माझा पारा परत चढला. “तू इथे धडधाकट बसलायस, सकाळी दोन अंडी खाल्लीस, आणि तुझ्या आईने तुला मेला म्हणून दिवा लावायचा? आंधळी होत आली ती, तरी तुझी वात बदलते! कसलं काळीज आहे तुझं? चल ऊठ.”

“तुला कळत नाहीये. मी वर गेलो तर—”

“तर काय? मारेल? चार थोबाडीत देईल? खा! तुझ्या वाटणीच्याच आहेत त्या!”

“तसं नाही. ऐक जरा. मी गेलो तर धाकटा—”

“धाकटा गेला! तो काही परत येत नाही! तू आहेस, तू जा!” मी ह्यांचा हात धरून ओढलं. मला एकच दिसत होतं, म्हातारीच्या हातातली काडी. ही लेकराचा दिवा लावणार आणि लेकरू खाली वाळूत बसून राहणार, असं पाप मी माझ्या डोळ्यांदेखत होऊ देणार नव्हते. “उठतोस की आरडाओरडा करून आख्खा किनारा गोळा करू?”

करीन म्हटलं की मी करते, हे ह्यांना पक्कं माहीत आहे. उठले.

पायऱ्या चढताना मी पुढे, हे मागे. मधेच थांबायचे, मी खाली उतरून परत हात धरायची. एका वळणावर कठड्याला धरून ओकले. मी पाठ चोळली, पदराने तोंड पुसलं, पण थांबू दिलं नाही. वरून घंटेचा आवाज आला. मी म्हटलं, पळ. आणि खरंच पळालो आम्ही दोघं, ह्या वयात.

दिव्यांच्या खोलीत चारपाच माणसं होती. भन्ते, वयस्कर, तांबूस चीवर घातलेले, डोळे मिटून काही म्हणत होते. म्हातारीने न्हाऊन केस विंचरले होते, लुगडं बदललं होतं. तिच्या हातात पेटती काडवात. ती धाकट्याच्या फोटोपुढे उभी होती आणि डाव्या हाताने वाटीचा काठ चाचपत होती.

“आधी लहान्याचा,” ती कुणाला तरी सांगत होती. “त्याला अंधाराची भीती वाटायची.”

काडवात वाटीवर झुकली.

“थांबा!” मी दारातूनच किंचाळले. “आजी, थांबा! नका लावू!”

सगळे वळले. भन्ते म्हणायचे थांबले. म्हातारीने काडवात तशीच हवेत धरली आणि आवाजाच्या दिशेने मान तिरकी केली. “कोण? सकाळचीच ना तू? काय झालं गं?”

मी ह्यांना पुढे ढकललं. शब्दशः ढकललं, दोन्ही हातांनी. हे खोलीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. ओठ हलत होते. मला वाटलं, आता हा माणूस इथेही मौन धरणार. मग आवाज आला, चिरका, लहान पोराचा असतो तसा.

“आई.”

काडवात जळत जळत तिच्या बोटापर्यंत आली असावी, तरी तिने टाकली नाही. भन्तेंनीच ती हळूच काढून घेतली आणि विझवली.

“परत बोल,” म्हातारी म्हणाली.

“आई. मी आहे.”

ती आली. दोन्ही हात पुढे करून, वाटेतल्या माणसांना बाजूला सारत. ह्यांच्या छातीला हात लागला, मग गळ्याला, मग हनुवटीखाली. अंगठा त्या आडव्या खुणेवर जाऊन थांबला. “खडकावर आपटलास तेव्हाची,” ती म्हणाली. डोक्यावर हात गेला. “केस कुठे गेले रे?” पोटावर हात गेला. “आणि हे काय?” मग फाडकन एक ठेवून दिली गालावर, आणि लगेच तोच गाल दोन्ही हातांत धरून मुके घ्यायला लागली. हे खाली बसले, तिच्या पायांना मिठी मारून हमसाहमशी रडायला लागले. खोलीतल्या बाया रडत होत्या. मी तर ओक्साबोक्शी रडत होते, आणि खरं सांगते, मनातून फुलले होते. म्हटलं, केलं बाई मी! वेळेवर पोचले! एक क्षण उशीर झाला असता तर!

“ऊठ, ऊठ,” म्हातारी म्हणत होती. “सांगत होते ना मी सगळ्यांना? सांगत होते ना भन्ते? आणि हे मला समजावतात, दिवा लाव, दिवा लाव! लावला असता तर?” ती हसत होती. अगदी त्या फोटोतल्यासारखी, सगळे दात दिसतील अशी.

मग तिने ह्यांचे खांदे सोडले आणि दाराकडे मान वळवली. मी दारातच उभी होते. तिने हाताने मला खूण केली, बाजूला हो. मला वाटलं वारा हवा असेल, गुदमरत असेल बिचारी. मी सरकले. ती मान आणखी लांब करून माझ्यामागच्या उजेडात बघायला लागली, एक डोळा बारीक करून.

“आणि धाकटा?” ती म्हणाली. “गाडी लावतोय का?”

हे जमिनीवरून माझ्याकडे बघत होते, आणि वाळूवर मी पुरं होऊ न दिलेलं ते वाक्य मला तेव्हा आख्खं ऐकू आलं.

“तुझ्याच तर मागे असतो तो,” म्हातारी म्हणाली. “तू आलास म्हणजे तो आलाच.” लुगड्याचा पदर खोचत ती निघाली. “पायऱ्या नव्या केल्यात ना, त्याला ठाऊक नाहीत. वाट चुकेल.”

आणि भिंतीला हात लावत लावत, माझ्या अंगावरून, ती बाहेर गेली, धाकट्याला घेऊन यायला.